आमेनच्या आधी

थोरल्या शांतवनच्या सलोमीचा बाप्तिस्मा झाला ते साल एकोणीसशे एक्क्याण्णव. पाळकसाहेबांनी कपाळाला पाणी लावलं आणि पोरीनं असा सूर धरला की चर्चमधलं गाणं कुणाला ऐकू येईना. आईकडं राहीना, बापाकडं राहीना. शेवटी धाकटा काका उल्हास पुढं झाला, त्यानं तिला खांद्यावर टाकलं आणि पोरगी गप्प झाली. "बघा, माझीच हाय की ती," उल्हास म्हणाला. सगळे हसले. बयाबाईही हसली.

बयाबाई त्या दोघांची आई. नवरा आकाराम पोरं लहान असतानाच गेला. दवाखान्यात आयाचं काम करून तिनं दोघांना वाढवलं. कोल्हापुरात कदमवाडीच्या बाजूला त्यांचं दोन खोल्यांचं कौलारू घर होतं. दारापुढं दगडाची पायरी, आणि पायरीला लागून शेजारच्या बायडाबाईचा म्हशीचा गोठा. शांतवन फौंड्रीत कामाला होता. उल्हास हुपरीला चांदीच्या पैंजणांच्या कामावर जायचा. सकाळच्या गाडीनं जायचा, दिवेलागणीला परत यायचा.

बयाबाईला वाचता येत नव्हतं. चर्चमध्ये बाकीच्या बाया पुस्तक उघडून गायच्या, ती डोळे मिटून तोंडपाठ गायची. त्यामुळं सलोमी बोलायला लागली आणि तिला प्रार्थना शिकवायची वेळ आली, तेव्हा बयाबाईनं ती आपल्या सासूनं जशी शिकवली होती तशीच शिकवली. म्हणजे नावांनी. आधी भाकरीबद्दल देवाचे आभार मानायचे आणि मग एकेकाचं नाव घेऊन त्याला देवाच्या हवाली करायचं. सुरुवात घरातल्या सगळ्यांत धाकट्या पोरानं करायची. आणि जो घरात नसेल त्याचं नाव सगळ्यांच्या आधी.

"का गं आज्जी, आधी का?" सलोमीनं एकदा विचारलं.

"घरात हाय त्याला काय हवं नको ते आपुन बघतो. जो भायेर हाय त्याला कोण बघणार? म्हणून त्याचं आधी सांगायचं."

"आणि देवाला ठावं नसतंय व्हय?"

"देवाला समदं ठावं असतंय. तुला ठावं ऱ्हावं म्हणून म्हणायचं."

आणखी एक रीत त्या घरात होती. प्रार्थना चालू असताना दारातून कुणी आत यायचं नाही. दूधवाला असो, पावणा असो, पाळकसाहेब स्वतः असोत, आमेन होईपर्यंत पायरीवर थांबायचं. आणि ज्याच्या कानावर प्रार्थना पडली त्यानं शेवटी आमेन म्हणायचं, मग तो आत असो की बाहेर. प्रार्थना ऐकायची आणि आमेन न म्हणता जायचं, हे बयाबाईच्या सासूच्या मते जेवून ताटाला पाय लावण्यासारखं होतं. बायडाबाई काही ख्रिस्ती नव्हती, पण इतक्या वर्षांच्या शेजारानं तिलाही ती सवय लागली होती. म्हशीची धार काढता काढता ती गोठ्यातून ओरडायची, "आमेन! झालं काय गं बया? येऊ काय ताक घेऊन?"

उल्हासला यायला उशीर झाला की तोही पायरीवरच बसायचा. आत सलोमी त्याचंच नाव घेत असायची, कारण तो बाहेर असायचा. "उल्हासकाकाला नीट घरला आण," ती म्हणायची आणि पायरीवरून आवाज यायचा, "आणलंय की, आणलंय! आमेन म्हण लवकर, भूक लागलीया." बयाबाई आतून दटावायची, पण दटावता दटावता हसायची.

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात उल्हास एका संध्याकाळी घरी आलाच नाही. दुसऱ्या दिवशी आला तो दुपारी, आणि उभ्या उभ्याच बोलला. ज्याच्या घरी तो पैंजणांचं काम करायचा त्या शिवाप्पाची मुलगी शिवलीला, तिच्याशी त्यानं लग्न केलं होतं. त्यांच्या रीतीनं, त्यांच्या देवळात. राहायचंही तिथंच ठरलं होतं. शिवाप्पाला दुसरं कुणी नव्हतं.

"मला इचारावं वाटलं न्हाय?" बयाबाई म्हणाली.

"इचारलं असतं तर तू व्हय म्हणाली असतीस?"

"न्हाय."

"मग?"

आकारामच्या बापानं गारगोटीकडच्या गावात पहिल्यांदा बाप्तिस्मा घेतला, तेव्हा भावकीनं त्याला वाळीत टाकलं होतं. विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, लग्नकार्यात हाक मारली नाही. ती सगळी कहाणी तिनं या दोन पोरांना भरवता भरवता सांगितली होती. एवढं सोसून आलेली वाट या पोरानं दोन पैंजणांपायी सोडली, असं तिच्या मनानं घेतलं. शिवलीला कशी आहे, काळी की गोरी, गोड की तिखट, हे तिनं विचारलंही नाही.

त्या संध्याकाळी प्रार्थनेला बसले. शांतवनला तोवर दुसरा मुलगा झाला होता, सम्राट. पण तो दोन वर्षांचा, त्यामुळं सुरुवात अजून सलोमीच करायची. तिनं हात जोडले, डोळे मिटले आणि रीतीप्रमाणं घरात नसलेल्याचं नाव आधी घेतलं.

"देवा, उल्हासकाकाला..."

"ते नाव नगो," बयाबाई म्हणाली. "फुडं चल."

सलोमीनं डोळे उघडले. "का? काका देवाला नगोसा झालाय?"

"देवाला न्हाय, मला."

"मग देवाला सांगू काय, आज्जी रुसलीया म्हणून?"

शांतवनची बायको मार्था हिनं पोरीला चिमटा काढला. सलोमीनं पुन्हा डोळे मिटले आणि बापापासून सुरुवात केली. आमेन झाल्यावर शांतवन आईला म्हणाला, "आज्याला भावकीनं टाकलं म्हणून तूच सांगत हुतीस. आता तू काय कराय लागलीस?"

"आज्यानं देवासाठी सोसलं. ह्यानं कशासाठी?"

"ते देव बघंल की. तू कशाला बघतीस?"

"तुझी भाकरी गार व्हाय लागलीया," बयाबाई म्हणाली.

तेव्हापासून त्या घरात उल्हासचं नाव प्रार्थनेत आलं नाही. शांतवन वर्षा-दोन वर्षांतनं हुपरीला जाऊन यायचा. उल्हासला मुलगी झाली, प्रेरणा नाव ठेवलं, एवढं त्यानं सांगितलं. बयाबाईनं ऐकून घेतलं. ती वाईट बाई नव्हती. पोराची आठवण तिला यायचीही. पण माफी मागायला पोरानं यावं, पायरीवर यावं, असं तिनं धरून ठेवलं होतं.

एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात आली होती आणि ती तिनं कुणाला सांगितली नाही. सलोमी प्रार्थनेला बसली की सुरू करायच्या आधी थोडी थांबायची. हात जोडलेले, डोळे मिटलेले, आणि ओठ नुसते हलायचे. मग मोठ्यानं बापाचं नाव घ्यायची. सम्राट बोलायला लागला आणि सुरुवात त्याच्याकडं आली, तेव्हा बहिणीचं बघून तोही तसाच थांबायला शिकला. त्याला बिचाऱ्याला माहीतही नव्हतं की आपण कुणासाठी थांबतोय. बयाबाईला माहीत होतं. ती डोळे मिटून बसायची आणि ते थांबणं संपायची वाट बघायची. बोल म्हणून तिनं सांगितलं असतं तर पोरं आनंदानं बोलली असती.

दोन हजार दोन सालच्या मार्चमध्ये एक दिवस प्रार्थना संपली आणि रोजच्यासारखी गोठ्यातून आमेनची हाक आली नाही. थोड्या वेळानं बायडाबाई स्वतःच पायरीवर आली. तिच्या हातात कागदाची पुडी होती.

"बया, तुझा धाकटा आलता की."

बयाबाई परातीतलं पीठ मळत होती. तिचे हात थांबले. "कवा?"

"आत्ताच. तुमचं चाललं हुतं तवा. पायरीवर बसलता. वळखू येईना गं! निम्मा झालाय, आणि खोकतोय असा की माझी म्हस बिचकली. म्हटलं, उल्हास हाईस काय रं? तर तोंडावर बोट ठेवलं. प्रार्थना चाललीया, बोलू नगो म्हणून."

"मग?"

"मग काय, ऐकत बसला. सम्राटनं सगळ्यांची नावं घेतली बघ, त्या मामाचं, पाळकाचं, माझ्या म्हशीचं सुदिक. आणि शेवटाला आला, तसा हा उठला. म्हटलं, आरं थांब की, आमेन झालं की आत जा. तर ही पुडी दिली माझ्या हातात आणि गेला गल्लीच्या तोंडाला."

"आमेन म्हणाला न्हाय?"

"न्हाय बाई. त्याच्या आधीच उठला."

पुडीत चांदीचे पैंजण होते. बारीक घुंगरांचे, वळणदार, हातचं काम. सलोमी धावत आली आणि पायात घालायला बसली. पैंजण पायात जाईनात. ते सहा वर्षांच्या मुलीच्या पायाचे होते; काकानं पाय पाहिला होता तेवढ्या मापाचे. सलोमी आता अकरा वर्षांची होती. तिनं दोन-तीनदा ओढून पाहिलं, मग पैंजण आज्जीच्या हातात ठेवले आणि आतल्या खोलीत निघून गेली.

शांतवन घरी आला तेव्हा म्हणाला, "उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ या. तू चल माझ्यासंगं."

"त्यो आलता न्हवं? आता वाट फुटलीया त्याला. परत येईल."

"आई, त्यो आजारी हाय. बायडाबाई काय सांगती ते ऐकलंस न्हवं? हुपरी काय सातासमुद्रापलीकडं हाय? तासाभराची गाडी."

"येईल त्यो," बयाबाई म्हणाली.

ती गेली नाही. गेली असती तर काय सांगितलं असतं, हे तिला सुचत नव्हतं. त्याऐवजी तिनं दुसरंच केलं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला बसताना तिनं दार सताड उघडं ठेवलं आणि सम्राटला सांगितलं, "आधी उल्हासकाकाचं नाव घे. मोठ्यानं."

"घेऊ?" सम्राटनं सलोमीकडं बघत विचारलं.

"घे म्हणालीया न्हवं आज्जी," सलोमी म्हणाली. तिच्या आवाजात आनंद नव्हता.

"देवा, उल्हासकाकाला बरं कर," सम्राट म्हणाला.

"मोठ्यानं. पायरीपातुर ऐकू जाईल असं."

पोरानं ओरडून म्हटलं. गल्लीतून जाणारी दोन माणसं थबकली. गोठ्यातून बायडाबाई म्हणाली, "आगं बया, तुमचा देव बहिरा झाला व्हय आज?"

मग ते रोजचंच झालं. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, दार उघडंच असायचं. पावसाची झड आत यायची, मार्था पोतं टाकायची, पण दार लावायचं नाही. पोरांनी ओरडून काकाचं नाव घ्यायचं आणि बयाबाईनं डोळे अर्धे उघडे ठेवून पायरीकडं बघायचं. सम्राटला त्याचा कंटाळा यायला लागला. "आज्जी, काका हुपरीला ऐकतोय व्हय?" तो म्हणायचा. सलोमीनं पहिल्यासारखं थांबणं सोडून दिलं. आता थांबायला काही उरलं नव्हतं, आणि ओरडण्यात तिचं मन नव्हतं. शांतवन मधूनमधून म्हणायचा, "आई, गाडीत बस." बयाबाई म्हणायची, "नाताळला येतोय का बघू."

दिवाळी झाल्यावर शिवाप्पाचा फौंड्रीत फोन आला. "तुमच्या आईला घेऊन या," तेवढंच तो म्हणाला.

गाडी पट्टणकोडोलीच्या पुढं गेली तेव्हा बयाबाईनं पदरात गुंडाळलेले पैंजण एकदा चाचपले. आयुष्यात ती हुपरीला पहिल्यांदाच जात होती. घराघरांतून ठोकण्याचा बारीक आवाज येत होता आणि बाया ओट्यावर बसून पैंजणांना घुंगरू लावत होत्या. शिवाप्पा दारातच उभा होता. म्हातारा, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग. त्यानं हात जोडले. "या विहीणबाई. लई वाट बघाय लावलीसा."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. बयाबाईला वाटलं, असता तर बरं झालं असतं.

शिवलीला पाणी घेऊन आली, पाया पडली आणि सासूला कानडीत मारतात तशी हाक मारली. "अत्ती, आत या. जागं हाईत." सावळी, उंच, दमलेली बाई. बयाबाईनं तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

उल्हास कॉटवर उशांना टेकून बसला होता. आडवं झालं की दम कोंडायचा. चांदी उजळायच्या तेजाबाचा धूर छातीत बसलाय, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यानं आईकडं बघितलं आणि हसल्यासारखं केलं.

"आलीस?"

"आले." बयाबाई कॉटच्या कडेला बसली. शांतवन दाराशीच उभा राहिला. मग तिनं विचारलं, "त्या दिशी आलतास. का आलतास?"

"दमाला उतार पडंना. म्हटलं, आईकडनं प्रार्थना करून घ्यावी. डोक्यावर हात ठेवून."

"मग थांबायचं न्हाय? आमेन व्हायला कितीसा येळ हुता?"

उल्हास खोकला. शिवलीलानं पाठीवर हात फिरवला. खोकला थांबल्यावर तो सावकाश म्हणाला, "थांबलो असतो तर आमेन म्हणाय लागलं असतं. कानावर पडलीया म्हटल्यावर म्हणायचं, तूच शिकवलंस. पोरानं म्हशीचं सुदिक नाव घेतलं, आई. माझं न्हवतं. त्याला मी आमेन कसं म्हणू?"

बयाबाई म्हणाली, "सुरू करायच्या आधी पोरगं थांबलं हुतं न्हवं? थांबलं हुतं. सलोमीनं लावलेली सवय हाय ती. तिथं तुझं नाव हुतं."

"पायरीवर मला काय कळणार गं? न बोललेलं ऐकू येतंय व्हय?"

"आता रोज घेत्यात. मोठ्यानं घेत्यात."

"दादा म्हणाला मला." तो थोडा हसला. "कोल्हापुरातनं हुपरीला ऐकू यावं म्हणून ओरडाय लावलंस म्हणं पोरांना. त्यापरास गाडीत बसायचं हुतंस की."

बयाबाईनं पदरातले पैंजण काढले. "हे सलोमीला बसलं न्हाईत."

"व्हय की. वाढली असंल ती," उल्हास म्हणाला, आणि त्यानं ते हातात घेऊन उगाच एक घुंगरू बोटानं हलवलं.

संध्याकाळ झाली. शिवाप्पानं आतल्या देव्हाऱ्यापुढं दिवा लावला आणि आपली पूजा केली. ती झाल्यावर चार वर्षांची प्रेरणा बापाच्या कॉटपाशी आली, पलंगाच्या दांडीला टेकली आणि हात जोडले. बयाबाई उठून बाहेर जायला लागली, कारण आपण इथल्या कोण, असं तिला वाटलं. शिवलीलानं तिचा हात धरला. "बसा अत्ती. हे ह्यांचं हाय. ह्यांनीच शिकवलंय तिला. माझं बाबा काय म्हणत न्हाईत."

पोरीनं डोळे घट्ट मिटले. भाकरीबद्दल देवाचे आभार मानले. मग म्हणाली, "देवा, कोल्हापूरच्या बयाबाई आज्जीला बरं ठेव. तिचं गुडघं दुखू देऊ नगो." मग शांतवनकाका, मार्थाकाकी, सलोमीताई, सम्राट. मग घरातले, आई, अज्जा म्हणजे शिवाप्पा, आणि सगळ्यांत शेवटी तिचा आप्पा.

घरात नसलेल्यांची नावं आधी. ज्या आज्जीला तिनं कधी पाहिलं नव्हतं, त्या आज्जीचं पहिलं. पोरगी बोलायला लागल्यापासून ते नाव या घरात रोज घेतलं जात होतं, आणि बयाबाईचे गुडघे खरोखर दुखत होते.

"आमेन," प्रेरणा म्हणाली.

"आमेन," उल्हास म्हणाला. शिवलीला म्हणाली. बाहेरच्या ओट्यावरून शिवाप्पाचाही आवाज आला. बयाबाईनं तोंड उघडलं, पण तिचा आवाज बाहेर पडला नाही. प्रेरणानं एक डोळा उघडून तिच्याकडं पाहिलं.

"आप्पा, ही पावणी आमेन म्हणाली न्हाय."

"म्हणंल," उल्हास म्हणाला. "तिला येळ लागतोय."

बयाबाईनं मग उठून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. कपाळ गरम होतं, केस विरळ झाले होते. तिनं प्रार्थना केली, पण ती मोठ्यानं केली नाही. त्याचं एकट्याचं नाव तिनं त्याच्या कानाशी घेतलं, पुन्हा पुन्हा घेतलं, दुसरं काही तिला सुचलं नाही. ती हुपरीतच राहिली. रोज संध्याकाळी पोरगी आधी तिचं नाव घ्यायला लागली की बयाबाई म्हणायची, "माझं आता मागनं घे गं बाय. मी घरातच हाय." पण पोरीच्या जिभेला तसं वळण पडलं होतं, ती आधीच घ्यायची.

उल्हास दोन हजार दोन साली, नाताळाच्या आधीच्या रविवारी सकाळी, हुपरीच्या घरी वारला. त्याचं वय पस्तीस होतं.